वाचकांचे प्रश्न : आमवातात हाताचा कॉन्ट्रास्ट एमआरआय

रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे बोलीभाषेतला आमवात, आणि त्यासाठी करायचा कॉन्ट्रास्ट एमआरआय यांवर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं संधिवाततज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट यांनी मिळून दिली आहेत. एक प्रश्न एमआरआय तंत्रज्ञाचा आहे. त्याचं उत्तर रुग्णांनीही वाचावं, कारण तपासणी फसते ती बहुतेक वेळा त्याच टप्प्यांवर.

प्रश्न : सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटं आखडलेली असतात, मूठ वळत नाही. रक्ततपासण्यांत आरए फॅक्टर निगेटिव्ह, सीआरपी (दाह मोजणारी तपासणी) नॉर्मल, एक्स-रे साफ. तरी डॉक्टरांनी उजव्या हाताचा कॉन्ट्रास्ट एमआरआय सांगितला आहे. एमआरआयमध्ये सगळंच दिसतं ना, मग शिरेतून औषध कशाला? (वय 42, सातारा)

साध्या एमआरआयमध्ये बरंच दिसतं, पण तुमच्या बाबतीत जे बघायचं आहे तेच नेमकं धूसर राहतं. सांध्याला आतून सायनोव्हियम नावाचं पातळ अस्तर असतं. आमवात तिथे सुरू होतो. अस्तर जाड होतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि सांध्यात पाणी साचतं. सुजलेलं अस्तर आणि साचलेलं पाणी साध्या एमआरआयवर जवळजवळ सारखंच दिसतं. टी1 आणि टी2 ही एमआरआयच्या दोन वेगळ्या सेटिंगवर घेतलेली चित्रं. टी1 चित्रात दोन्ही काळपट आणि टी2 चित्रात दोन्ही पांढरी. पाणी कुठे संपलं आणि अस्तर कुठे सुरू झालं, हे सांगता येत नाही.

शिरेतून देतात ते औषध गॅडोलिनियमचं असतं. हा धातू आजूबाजूच्या पाण्याच्या कणांचा चुंबकीय प्रतिसाद बदलतो, त्यामुळे तो जिथे पोचतो तो भाग टी1 चित्रात उजळतो. सुजलेल्या अस्तरातल्या नव्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. औषध तिथे मिनिटा-दोन मिनिटांत झिरपतं आणि अस्तर पांढरं होतं. सांध्यातल्या पाण्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ते सुरुवातीची काही मिनिटं काळंच राहतं. त्या काळ्या पाण्याभोवती उमटलेली पांढरी कड म्हणजेच सूज. ती किती जाड आहे, कोणकोणत्या सांध्यात आहे, बोटांच्या कंडरांच्या म्यानात उतरली आहे का, हे सगळं त्यातून वाचता येतं.

एक्स-रे साफ आहे म्हणून फार निश्चिंत होऊ नका. एक्स-रेवर हाडाला पडलेला खड्डा दिसतो, आणि खड्डा पडेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. 2010 साली अमेरिकन आणि युरोपियन संधिवात संघटनांनी मिळून जे निकष ठरवले, त्यांत किती सांधे बाधित आहेत हे मोजताना सोनोग्राफी किंवा एमआरआयचा आधार घेता येतो. हाताला सूज लागत नाही, रक्त शांत आहे, पण आखडलेपण मात्र तासभर टिकतं, अशा वेळी ही तपासणी खरोखर उपयोगी पडते.

दोन गोष्टी डॉक्टरांना विचारा. अँटी-सीसीपी ही रक्ततपासणी झाली आहे का? नसेल तर ती आधी करून घ्या. ती स्वस्त आहे, आणि ती ठळक पॉझिटिव्ह आली व सांध्यांवर सूजही स्पष्ट लागली, तर निदानासाठी एमआरआयची गरजच उरणार नाही. दुसरं, पाय दुखतात का? आमवात पुष्कळदा पायाच्या बोटांच्या मुळाशी, विशेषतः करंगळीपाशी, लवकर दिसतो. नुसत्या हाताचा एमआरआय साफ आला म्हणून पायालाही काही नाही असं धरून चालत नाही.

प्रश्न : मी एमआरआय तंत्रज्ञ आहे. आमच्याकडे 1.5 टेस्लाचं मशीन आहे. आमवाताच्या हाताच्या स्कॅनमध्ये फॅट-सॅट (चरबीचा सिग्नल दाबून घेतलेलं चित्र) ठिगळासारखं येतं, कधी कॉन्ट्रास्टनंतर सांध्यातलं पाणीसुद्धा पांढरं दिसतं, आणि रेडिओलॉजिस्ट स्कॅन परत मागतात. क्रम नेमका कसा ठेवावा? (कोल्हापूर)

तुम्ही सांगितलेल्या दोन अडचणींची कारणं वेगवेगळी आहेत. पाणी पांढरं दिसणं हा वेळेचा प्रश्न, आणि ठिगळं हा हाताच्या जागेचा.

आधी वेळ. गॅडोलिनियम अस्तरातून हळूहळू सांध्यातल्या पाण्यात उतरतं. दहा मिनिटांनंतर पाणीही उजळू लागतं आणि कड पुसट होते. वाचणाऱ्याला अस्तर आहे त्याहून जाड वाटतं आणि सूज फुगवून मोजली जाते. म्हणून औषध गेलं की लगेच पहिलं टी1 फॅट-सॅट सुरू व्हायला हवं. पहिली प्रतल (ज्या दिशेने काप घेतात ती) पाच-सहा मिनिटांत आणि दुसरी दहा मिनिटांच्या आत उरकली पाहिजे. सुई शोधणं, नळी जोडणं, रुग्णाला गॅन्ट्रीतून बाहेर काढून आत घेणं यात हीच मिनिटं जातात. कॅन्युला स्कॅनच्या आधीच लावून ठेवा, आणि ती ज्या हाताचा स्कॅन नाही त्या हाताला. लांब एक्स्टेन्शन जोडली की रुग्णाला न हलवता औषध देता येतं. स्कॅनचा हात डोक्यावर असेल तर त्याच हाताच्या शिरेतून औषध नीट वाहीलच असं नाही, हेही एक कारण.

मात्रा किलोमागे 0.1 मिलिमोल. नेहमीच्या 0.5 मोलरच्या औषधात ती किलोला 0.2 मिली होते, म्हणजे 55 किलोच्या रुग्णाला 11 मिली. गॅडोब्युट्रोल दुप्पट तीव्र असतं, त्यामुळे त्याच रुग्णाला 5.5 मिली पुरे. एका औषधाची सवय असलेल्या माणसाने दुसरं हातात घेतलं की इथेच घोटाळा होतो. तेव्हा बाटलीवरची तीव्रता दर वेळी वाचा. मागोमाग 20 मिली सलाइन सोडा, नाहीतर लांब नळीत औषधाचा बराच भाग अडकून राहतो.

क्रम असा लावा. आधी लोकलायझर, म्हणजे जागा ठरवायचं चित्र. मग कोरोनल (तळहाताला समांतर) टी1, त्यानंतर कोरोनल आणि आडवं टी2 फॅट-सॅट किंवा स्टर (चरबी दाबायची दुसरी पद्धत). मग कॉन्ट्रास्टपूर्व टी1 फॅट-सॅट, ज्या सेटिंगवर नंतर घ्यायचं त्याच सेटिंगवर, म्हणजे आधीचं चित्र नंतरच्यातून वजा करता येईल. मग औषध, आणि लगेच तेच टी1 फॅट-सॅट दोन प्रतलांत. स्लाइस 3 मिमी किंवा त्याहून पातळ. फील्ड ऑफ व्ह्यू 10 ते 12 सेंमी, ज्यात मनगट आणि बोटांच्या मुळाचे सांधे दोन्ही बसतील. स्टर कधीही कॉन्ट्रास्टनंतर घेऊ नका. स्टर चरबी ओळखून दाबत नाही, चरबीइतका टी1 (चुंबकीय प्रतिसाद पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) असलेलं काहीही दाबतं. गॅडोलिनियम शोषलेल्या अस्तराचा टी1 खाली येऊन चरबीच्या जवळ जातो आणि नेमकी सूजच चित्रातून गायब होते.

आता ठिगळं. रुग्ण उताणा आणि हात अंगाशेजारी ठेवला, तर हात चुंबकाच्या मध्यापासून दूर, कडेला जातो. तिथलं चुंबकीय क्षेत्र एकसारखं नसतं, आणि फॅट-सॅट तर चरबी व पाण्याच्या वारंवारतेतल्या जेमतेम 220 हर्ट्झच्या फरकावर चालतं. म्हणून शक्य असेल तिथे रुग्णाला पालथं झोपवून हात डोक्यापुढे घ्या, मनगट कॉइलमध्ये आणि कॉइल मशीनच्या अगदी मध्यावर. पण आमवाताच्या रुग्णाचा खांदाही दुखरा असतो, हे कृपया विसरू नका. पाचव्या मिनिटाला खांदा ठणकू लागला की हात हलतो, आणि मग वजा केलेल्या चित्रात प्रत्येक हाडाला खोटी पांढरी किनार येते. खांद्याखाली उशी द्या, कोपराला आधार द्या. पंचवीस मिनिटं असं राहता येईल का, हे झोपवून बघून मगच सुरुवात करा. जमत नसेल तर हात अंगाशेजारी ठेवा आणि फॅट-सॅटऐवजी डिक्सन ही चरबी आणि पाणी वेगळं करणारी पद्धत वापरा. क्षेत्रातला असमतोल ती बराच सहन करते.

शिम बॉक्स (ज्या भागातलं चुंबकीय क्षेत्र एकसारखं करायचं तो चौकोन) फक्त हातावर बसवा, भोवतालची हवा त्यात घेऊ नका. बोटांमधल्या फटींत हवा असते आणि फॅट-सॅट बिघडतं तेही तिथेच. यावर साधा उपाय म्हणजे कच्च्या तांदळाच्या छोट्या पुरचुंड्या. कापडी पिशवीत तांदूळ भरून बोटांमध्ये आणि हाताभोवती लावा. तांदळातून सिग्नल येत नाही, पण हवेची जागा भरते, आणि हातही पक्का बसतो.

आणखी एक गोष्ट रेडिओलॉजिस्टशी बोलून ठेवा. कंडरा मुख्य क्षेत्राशी सुमारे 55 अंशांत वळली की कमी टीई (सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ) असलेल्या चित्रांत ती आपोआप उजळते. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला हे हमखास दिसतं. जास्त टीई असलेल्या टी2 चित्रात तोच उजळपणा नाहीसा झाला, तर तो आजार नव्हे. तळहाताच्या मागच्या शिराही कॉन्ट्रास्टनंतर उजळतात आणि कंडरेची सूज वाटतात. आडव्या प्रतलात एकामागून एक स्लाइस बघत गेलं की शीर आपली वाट दाखवते.

प्रश्न : रिपोर्टमध्ये ‘रॅमरिस : सायनोव्हायटिस 7/21, बोन मॅरो इडिमा 6/69, इरोजन 3/230’ असं लिहिलं आहे. 230 पैकी 3 म्हणजे काहीच नाही ना? (नाशिक)

हे परीक्षेतले गुण नाहीत, तेव्हा छेद बघून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. तिन्ही आकड्यांचा अर्थ वेगळा आहे.

रॅमरिस ही ओमेरॅक्ट या आंतरराष्ट्रीय गटाने ठरवलेली मोजणी. सायनोव्हायटिस म्हणजे अस्तराची सूज, त्यासाठी मनगटाचे तीन भाग आणि अंगठा सोडून चार बोटांच्या मुळाचे सांधे, अशा सात जागा बघतात. प्रत्येकीला 0 ते 3, म्हणून 21. अस्तर जितकी जागा व्यापू शकलं असतं तिच्या एक तृतीयांशापर्यंत उजळलं तर 1, दोन तृतीयांशांपर्यंत 2, त्यापुढे 3. इडिमासाठी, म्हणजे हाडाच्या आतल्या सुजेसाठी, 23 हाडं मोजतात, मनगटाकडची 15 आणि बोटांच्या मुळाची 8. तिथेही प्रत्येकाला 0 ते 3, म्हणून 69. इरोजन म्हणजे हाडाला पडलेला खड्डा. त्यात दर हाडाचा किती हिस्सा गेला हे दहा-दहा टक्क्यांच्या पायरीने 0 ते 10 असं लिहितात. 23 हाडांचे 230.

तेव्हा इरोजन 3 म्हणजे, उदाहरणार्थ, तीन हाडांत प्रत्येकी दहा टक्क्यांच्या आतला खड्डा. एवढं निरोगी माणसातही दिसतं, वय वाढतं तसं जास्तच. मनगटाच्या हाडांत रक्तवाहिनी शिरते ते छिद्र किंवा हाडातली छोटी गाठही खड्ड्यासारखी दिसू शकते. म्हणूनच खड्डा दोन प्रतलांत दिसला पाहिजे आणि निदान एकीत हाडाची वरची कड तुटलेली दिसली पाहिजे, अशी अट आहे.

तुमच्या डॉक्टरांचं लक्ष जाईल ते इडिमा 6 कडे. नाव इडिमा असलं तरी आमवातात हे नुसतं पाणी नसतं. सांधा बदलताना काढलेली हाडं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली तेव्हा त्या जागी दाहाच्या पेशी सापडल्या. आजार हाडात शिरला आहे, याची ती खूण. सुरुवातीच्या आमवातात एमआरआयवर इडिमा असेल तर पुढे एक्स-रेवर झीज होण्याची शक्यता वाढते, हे युरोपियन संघटनेच्या 2013 च्या शिफारशींतही नोंदलं आहे. आणि इडिमा बघायला गॅडोलिनियम लागत नाही. तो टी2 फॅट-सॅट किंवा स्टरवरच दिसतो.

पुढे परत स्कॅन झाला तर शक्यतो त्याच केंद्रात, त्याच पद्धतीने करा आणि जुन्या चित्रांची सीडी सोबत न्या. एका रेडिओलॉजिस्टचा 7 आणि दुसऱ्याचा 9 यातला फरक आजाराचा नसून नजरेचा असू शकतो.

प्रश्न : आईचं वय 68, वीस वर्षांपासून आमवात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे. क्रिएटिनिन 1.1, लॅबच्या मर्यादेत. पूर्वी सीटी स्कॅनच्या आयोडीनच्या औषधाने अंगावर पित्त उठलं होतं. गॅडोलिनियम चालेल का? आमवाताचं मेथोट्रेक्सेट बंद करावं लागेल का? (नागपूर)

आयोडीनची आणि गॅडोलिनियमची ॲलर्जी वेगवेगळी. सीटीच्या औषधाचा त्रास झाला होता हे केंद्रात जरूर सांगा, पण त्या एका कारणाने हे औषध टाळायची गरज नाही. गॅडोलिनियमची तीव्र ॲलर्जी दहा हजारांत एखाद्याला किंवा त्याहूनही क्वचित येते. तरी सुई काढल्यावर अर्धा तास तिथेच बसवून घ्या.

क्रिएटिनिन मात्र नीट समजून घ्या. 2021 च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने 1.1 क्रिएटिनिनवर तीस वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) 93 च्या आसपास येतो आणि 68 वर्षांच्या स्त्रीचा 55 च्या आसपास. त्यातही जुन्या आमवातात स्नायू झिजलेले असतात. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, म्हणून ते कमी दिसतं आणि मूत्रपिंड आहे त्याहून बरं वाटतं. वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या घेतल्या असतील तर त्याचीही भर. त्यामुळे ‘मर्यादेत’ या शब्दावर न थांबता ईजीएफआर लिहून मागा.

खरी काळजी ईजीएफआर 30 च्या खाली किंवा डायलिसिस असेल तर. अशा रुग्णांत होणाऱ्या, कातडी आणि अवयव घट्ट करणाऱ्या एनएसएफ नावाच्या गंभीर आजाराचा गॅडोलिनियमशी असलेला संबंध 2006 मध्ये लक्षात आला. तो मुख्यतः जुन्या, सरळ रेणूच्या औषधांशी निगडित होता. गॅडोटेरेट, गॅडोब्युट्रोल, गॅडोटेरिडॉल यांचा रेणू कड्यासारखा असतो आणि तो धातूला घट्ट धरून ठेवतो. त्यांच्यात हा धोका फारच कमी. युरोपात 2017 मध्ये सरळ रेणूची बहुतेक औषधं वापरातून काढली. आईच्या पर्चीवर यांपैकी कड्याचं औषध लिहायला सांगा. मूत्रपिंड ठीक असेल तर शरीरातलं निम्मं औषध साधारण दीड तासात उतरतं आणि बहुतेक सगळं दिवसभरात लघवीवाटे जातं.

नेहमीच्या मात्रेला मेटफॉर्मिन थांबवावं लागत नाही. मेथोट्रेक्सेटही नाही. पण आठवड्याभरात स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं असेल, सांध्यात असो वा कमरेत, तर ते रेडिओलॉजिस्टला सांगा. स्टेरॉइडने सूज तात्पुरती बसते आणि आजार आहे त्याहून शांत दिसतो.

प्रश्न : दर सहा महिन्यांनी एमआरआय करून औषधं वाढवत-कमी करत राहिलं तर आजार जास्त चांगला आटोक्यात राहील ना? (पणजी)

हे तर्काला पटतं, म्हणूनच डेन्मार्कमध्ये ते करून बघितलं गेलं. इमॅजिन-आरए हा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणीत आजार शांत असलेले 200 रुग्ण घेतले. निम्म्यांची औषधं नेहमीप्रमाणे सांधे आणि रक्त बघून ठरवली, निम्म्यांच्या बाबतीत एमआरआयवरचा इडिमा जाईपर्यंत औषध वाढवायचं ठरलं. दोन वर्षांनी आजार शांत असलेले एमआरआय गटात 85 टक्के, नेहमीच्या गटात 88. एक्स-रेवर झीज न वाढलेले 66 आणि 62 टक्के. म्हणजे ठोस फरक नाही. गंभीर दुष्परिणाम मात्र एमआरआय गटात 17 जणांना आणि दुसऱ्या गटात 6 जणांना झाले.

यावरून आमचं स्पष्ट मत असं की सांधे बोटांनी दाबून बघणं, सूज मोजणं आणि सीआरपी यांवर उपचार नीट चालत असतील, तर ठरावीक मुदतीने एमआरआय करू नये. वेदना आणि तपासणी जुळत नाहीत, बायोलॉजिक (आमवाताचं पुढच्या पायरीचं औषध) सुरू करायचं की नाही हे अडलं आहे, किंवा दुखणं आमवाताचं की झिजेचं हे कळत नाही, अशा वेळी जरूर करावा. अशा कामात जिथे पॉवर डॉप्लरची चांगली सोनोग्राफी मिळते, तिथे अस्तरातला रक्तप्रवाह सुईशिवाय आणि कमी पैशांत दिसतो. हाडातला इडिमा मात्र सोनोग्राफीला दिसत नाही.

प्रश्न : आईला आमवात आहे. माझे सांधे दुखतात, सूज नाही, पण एमआरआयमध्ये ‘सौम्य दाह’ आला. मेथोट्रेक्सेट आत्ताच घेतलं तर आजार टळेल का? (वय 31, ठाणे)

नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटाने तुमच्यासारख्याच 236 जणांवर हे तपासलं आणि 2022 मध्ये मांडलं. एकदा स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि वर्षभर मेथोट्रेक्सेट, विरुद्ध बिनऔषधी गोळ्या. दोन वर्षांत प्रत्यक्ष आमवात झालेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखंच निघालं. औषध घेणाऱ्यांचं दुखणं, आखडणं आणि एमआरआयवरचा दाह मात्र कमी झाला, आणि तो फायदा औषध थांबल्यावरही टिकला. म्हणजे आजार टळेल असं आज म्हणता येत नाही, त्रास कमी होईल असं म्हणता येतं. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर मेथोट्रेक्सेटचा प्रश्न आणखी वेगळा होतो, ते डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. तंबाखू, मिश्री किंवा सिगारेट असेल तर ती मात्र आजच सोडा. आमवाताशी सिगारेटचा संबंध पक्का आहे.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं आहे, अंगावर पितं. बाळंतपणानंतर आमवात उसळला आहे. कॉन्ट्रास्टनंतर दूध किती दिवस बंद? (पुणे)

बंद करायची गरज नाही. दिलेल्या मात्रेच्या 0.04 टक्क्यांहूनही कमी औषध पहिल्या दिवसात दुधात उतरतं, आणि त्यातलाही एक टक्क्याहून कमी भाग बाळाच्या आतड्यातून शोषला जातो. तरी मनाला पटत नसेल तर दिवसभराचं दूध आधी काढून ठेवा. गरोदरपणात मात्र गॅडोलिनियम टाळतात.

प्रश्न : अंगठी निघत नाही, पेरं सुजलं आहे. सोनं चुंबकाला चिकटत नाही, मग राहू दिली तर? (सोलापूर)

नको. सोनं ओढलं जात नाही, पण बोटाभोवतीचं धातूचं कडं तापू शकतं आणि आसपासचं चित्र वेडंवाकडं होतं, तेही नेमकं जिथे बघायचं आहे तिथे. घरी आदल्या दिवशी हात थोडा वेळ उंच धरून, साबणाचं पाणी लावून बघा. नाहीतर शिवणाचा दोरा घ्या. त्याचं एक टोक अंगठीखालून तळहाताच्या बाजूला ओढून ठेवा. उरलेला दोरा अंगठीला लागून, नखाच्या दिशेने, शेजारी शेजारी घट्ट वेढे देत पेर ओलांडेपर्यंत गुंडाळा. मग तळहाताकडचं टोक नखाकडे उलगडत जा, अंगठी वेढ्यांवरून सरकत येते. बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी घरीच काढून ठेवा. नखांना चमचमणारं चुंबकीय ‘कॅट-आय’ पॉलिश असेल तर तेही पुसा, त्यात लोखंडाची भुकटी असते. पेराला हात लावला तरी कळ येत असेल तर ओढाताण न करता सराफाकडे जाऊन अंगठी कापून घ्या.